७७००एक्स + २४० मिमी लिक्विड कूलर: आयडल ६०, सिनेबेंचला दोन सेकंदांत ९५

ऑरेंजसिटी (नागपूर):
रायझेन ७ ७७००एक्स प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, २४० मिमीचा सीलबंद एआयओ (पंप, नळ्या आणि रेडिएटर एकत्र जोडून आलेला पाण्याचा कूलर). रेडिएटर केसच्या पुढच्या बाजूला, नळ्या वरच्या टोकाकडे. पंपाची वायर सीपीयू फॅन हेडरवर (बोर्डावरच्या पिनांची जोडणी), दोन्ही पंखे स्प्लिटरने सिस्टम फॅन हेडरवर. खोलीत ३३ अंश, डेझर्ट कूलर सुरू असतो.

काही चालू नसताना ५८ ते ६२. सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारी चाचणी) लावलं की दोन सेकंदांत ९५, क्लॉक ४.६ गिगाहर्ट्झवर उतरतो, स्कोअर १७,१००. पीसी सुरू केल्यावर गुळगुळ आवाज येतो. पंप १,१५० आरपीएम दाखवतो. ब्लॉकखालची (चिपवर बसणाऱ्या भागाखालची) प्लॅस्टिक फिल्म काढलेली आहे, ते विचारू नका. ३६० मिमीचा घेऊ का? आणि डेझर्ट कूलरची दमट हवा चालते का?

थर्मलपेस्ट:
३६० चा खर्च सध्या थांबवा. या चिपची कमाल मर्यादाच ९५ आहे आणि एएमडीने ती मुद्दाम अशी ठेवली आहे: पूर्ण लोडवर ९५ पर्यंत जायचं आणि तिथे जमेल तेवढा क्लॉक काढायचा. त्यामुळे नुसता ९५ पाहून घाबरू नका. खटकतो तो स्कोअर. १९,५०० च्या आसपास यायला हवा, क्लॉक ५ च्या वर राहायला हवा.

तुमच्याकडे दोन दुखणी एकत्र दिसतात. पहिलं पंपाचं. सीपीयू फॅन हेडर तापमानाच्या कर्व्हवर चालतो, म्हणजे आयडलला बोर्ड पंपाला अर्ध्याहून कमी वेग देतो. पंखा हळू फिरला तर चालतं. पंप हळू चालला की ब्लॉकमधलं पाणी तिथेच तापत बसतं. पंप एआयओ पंप हेडरवर लावा आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) १०० टक्के स्थिर ठेवा. पंखे सीपीयू फॅनवर आणा, नाहीतर ते हेडर रिकामं दिसल्यावर बोर्ड बूट होताना एरर देऊन थांबेल.

त्याआधी पंपाची वायर नीट बघा. पंपाला साटाची वेगळी वीज असेल, तर हेडरवरची वायर बहुधा फक्त आरपीएम कळवते आणि बायोसमध्ये काहीही बदला, वेग बदलत नाही. तीन पिनांचा पंप असेल तर त्याचा वेग व्होल्टेजवर ठरतो; डीसी मोडमध्ये व्होल्टेज फार खाली गेलं तर तो अडखळतो किंवा बंदच पडतो.

कोथरूडकर:
गुळगुळ आवाज हवेचा आहे. सीलबंद कूलरमध्ये थोडी हवा असतेच, ती लूपमधल्या सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. तुमच्या मांडणीत ती रेडिएटरच्या वरच्या टाकीत जमते आणि नळ्याही तिथेच जोडलेल्या, म्हणून पंप तीच हवा पुन्हा ओढतो. रेडिएटर उलटा करून नळ्या खाली घ्या; टाकीचं वरचं टोक पंपापेक्षा उंच राहिलं पाहिजे. नळ्या तेवढ्या लांब नसतील तर केसच्या छताला लावा, पंखे हवा वर फेकणारे. छताला लावण्याआधी मोजा: रेडिएटर २७ आणि पंखा २५, म्हणजे ५२ मिमी. उंच हीटसिंकची रॅम असेल तर इथेच अडतं. केसच्या तळाला मात्र कधीच नको, मग पंपच सगळ्यात उंच होतो आणि हवा त्यात अडकते.

एक सांभाळा. पंख्यांचे लांब स्क्रू (साधारण ३० मिमीचे) पंख्यामधूनच जातात. तेच पंख्याशिवाय नुसत्या पत्र्यातून रेडिएटरमध्ये पिळले तर आतली पाण्याची वाहिनी फुटते. पत्र्यासाठी आखूड स्क्रू वेगळे येतात.

बसवून झाल्यावर पंप चालू ठेवून केस पुढे-मागे थोडी कलती करा. आवाज काही मिनिटांत गेला पाहिजे.

रॅमबाण:
३६० घेऊन टाका हो, नागपूरचा उन्हाळा आहे.

थर्मलपेस्ट:
@रॅमबाण, दोन सेकंदांत ९५ येतंय, तेवढ्यात रेडिएटरपर्यंत उष्णता पोचलेलीसुद्धा नसते. रेडिएटर कमी पडला तर तापमान पाच-दहा मिनिटं हळूहळू चढत जातं. एकदम उडी मारतं तेव्हा अडचण चिप आणि ब्लॉक यांच्या मधे असते. त्यात या चिपमधले आठही कोर साधारण ७० चौरस मिमीच्या एकाच तुकड्यात आहेत आणि वरचं झाकण जाड. १४० वॉट एवढ्याशा जागेतून बाहेर काढायचे, त्यात मोठ्या रेडिएटरने दोन-चार अंशांचाच फरक पडेल.

ऑरेंजसिटी:
पंपाला साटा नाही, चार पिना आहेत. एआयओ पंप हेडरवर १०० टक्के केला, आता २,७०० आरपीएम. रेडिएटर छताला, आवाज गेला. आयडल ४९. सिनेबेंचला उडी तशीच, स्कोअर १८,३००.

सोल्डरवाले काका:
आता दुसरं दुखणं. ब्लॉक उचलून पेस्टचा (चिप आणि ब्लॉकमधल्या उष्णता वाहणाऱ्या थराचा) ठसा बघा. आधी पाच मिनिटं सिनेबेंच चालवा, पेस्ट मऊ होते. मग बंद करून वायर काढा आणि ब्लॉक थोडा डावी-उजवीकडे फिरवून उचला. एएम५ मध्ये (तुमच्या चिपच्या सॉकेटमध्ये) प्रोसेसर लोखंडी फ्रेमखाली पकडलेला असतो, आधीच्या एएम४ सारखा ब्लॉकला चिकटून सॉकेटबाहेर येत नाही.

मधे पातळ, जवळजवळ पारदर्शक थर आणि चारी कडांना सारखी बाहेर आलेली पेस्ट असेल तर दाब बरोबर. एका कोपऱ्यात जाड थर असेल तर ब्लॉक तिरका बसलाय. सगळीकडेच जाड असेल तर स्टँडऑफ (ब्लॉक ज्यांवर आवळतात ते छोटे खांब) तपासा. डब्यात इंटेल आणि एएमडीचे दोन्ही असतात आणि त्यांची उंची वेगळी असू शकते. एएम५ ची मागची प्लेट काढायची नसते. समोरचे दोन प्लॅस्टिक ब्रॅकेट काढून तिच्याच भोकांत स्टँडऑफ घट्ट बसवायचे.

९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसा. मधे वाटाण्याएवढी पेस्ट, हाताने पसरायची गरज नाही. चारही स्क्रू आधी दोन-दोन फेरे पकडवा, मग तिरपे समोरासमोर, प्रत्येकी एक-दोन फेरे, जिथे स्क्रू आपोआप थांबतो तिथपर्यंत. एक बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे गेलात की कोपरा उचललाच.

डब्यात एएम५ साठी ऑफसेट ब्रॅकेट असेल तर तोच लावा. कोरचा तुकडा झाकणाच्या मधोमध नाही, सॉकेटच्या खालच्या बाजूला आहे. काही कंपन्या ब्लॉक ७ मिमी खाली सरकवतात, एक ते तीन अंश वाचतात.

दमट हवेचं: एआयओचं पाणी खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही, म्हणून दव धरायचा प्रश्न नाही. पण डेझर्ट कूलरच्या थेट झोतात केस ठेवू नका. थेंब उडतात, क्षार आणि धूळ फिन्समध्ये मिळून लेप बसतो. आणि कोणी "पाणी भरून बघा" म्हणालं तर ऐकू नका. आतलं द्रव गंजरोधक घातलेलं असतं, नळाचं पाणी गेलं की तांब्याचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर यांच्यात गंज सुरू होतो.

ऑरेंजसिटी:
ठशात सॉकेटच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात जाड थर होता. साफ करून तिरपे आवळले. आता सिनेबेंच १० मिनिटं, ९१ ते ९३, क्लॉक ५.१, स्कोअर १९,४००. ऑफसेट ब्रॅकेट डब्यात नाही.

थर्मलपेस्ट:
३३ अंशांच्या खोलीत हे योग्यच आहे. मे महिन्यात खोली ३८ वर गेली की हे आकडेही वर जातील, लोडवर ९५ ला टेकून क्लॉक थोडा उतरेल, तेव्हा पुन्हा पेस्ट काढत बसू नका. फारच वाटलं तर बायोसमध्ये ६५ वॉटचा इको मोड लावा. पॅकेजची मर्यादा १४२ वरून ८८ वॉटवर येते, तापमान बरंच उतरतं, गेममध्ये फरक जाणवणार नाही. पूर्ण वेग हवा असेल तर कर्व्ह ऑप्टिमायझर (कोरचं व्होल्टेज कमी करणारी बायोसची सेटिंग) सगळ्या कोरना उणे १५ पासून सुरू करा आणि आयडलला रीस्टार्ट होत नाही ना, ते दोन-तीन दिवस बघा.