देव न मानणाऱ्यांना अध्यात्म लागतंच का?

घोडबंदर_9
निवृत्तीनंतर ठाण्यातली माणसं भजनी मंडळाला नाहीतर सत्संगाला लागतात. देव न मानणाऱ्यांना तशी जागा नाही. वर ‘अध्यात्माशिवाय माणूस कोरडा राहतो’ हे ऐकून घ्यायचं. मनःस्वास्थ्याला अध्यात्म खरंच लागतं का? नसेल, तर निधर्मी गट चार महिन्यांत बंद का पडतात? देव आहे की नाही यावर वाद नको, चालणारं सांगा.

तलावपाळी
अध्यात्म या एका पिशवीत तीन वस्तू कोंबल्यात: माणसांची सोबत, मनाची शिस्त आणि जन्म-लग्न-मरणाचे विधी. गल्लत तिथेच होते.

सोबतीपुरतं बोलतो. लिम आणि पुटनम यांचा अमेरिकेतला 2010 चा अभ्यास आहे. नियमित चर्चला जाणारे जास्त समाधानी दिसले, पण तिथे मित्र नसलेल्यांना तो गुण आला नाही. घरी एकट्याने प्रार्थना किती केली याने फारसा फरक पडला नाही. मात्र ‘आपण एका वाटेचे’ ही ओळख पक्की असेल तिथे मैत्रीचा गुण वाढला. म्हणून उपवन तलावाला नुसतं चकरा मारणारं टोळकं पुरत नाही, गटाला धरून ठेवणारं काहीतरी लागतं.

गट बंद पडतात ते तासांच्या हिशेबात. जेफ्री हॉल यांच्या 2018 च्या अभ्यासात ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण 50 तास लागतात, जवळच्या मैत्रीला 200 च्या वर. महिन्यातून दोन तासांचं व्याख्यान ठेवलंत तर 50 तासांना दोन वर्षं. दर आठवड्याला दोन तास भेटलात तर सहा महिने. चौथ्या महिन्यात माणसं गळतात, कारण तोवर कोणी कोणाचं झालेलंच नसतं.

सतरंजी
भजनी मंडळ का टिकतं ते बघा. वार ठरलेला, जागा ठरलेली, आमंत्रण लागत नाही. आणि प्रत्येकाला काम: कोणी टाळ, कोणी पखवाज, कोणी चहाचं बघतो. न आलेल्याला दुसऱ्या दिवशी विचारणा होते. विठ्ठल काढून घेतला तरी एवढं उरतं, तेवढंच उचला.

12 ते 15 माणसं पुरे. 25 च्या वर गेली की दोन गट करा. सोसायटीचं क्लबहाऊस मिळतं, पण सेक्रेटरीला पत्रात ‘वाचन आणि गायन’ लिहा; ‘नास्तिक’ लिहिलंत तर कमिटीच्या तीन मीटिंगा त्यातच जातील. खुर्च्या रांगेत लावू नका, सतरंजीवर गोल बसा. रांग दिसली की एक जण वक्ता होतो आणि बाकीचे घड्याळ बघतात. दीड तास: 15 मिनिटं गाणं, 20 मिनिटं एकाचं वाचन, मग तिघा-तिघांत बोलणं, शेवटी चहा. माणशी 20 रुपये डब्यात. किल्ली, डबा, सतरंजी ही कामं दर तीन महिन्यांनी फिरवा, नाहीतर सुरू करणारा दमतो आणि त्याच्याबरोबर गटही. सलग दोनदा न आलेल्याला फोन करा. व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवणं म्हणजे विचारपूस नव्हे.

देवाच्या अस्तित्वावर वाद घालायला पूर्ण बंदी. तो वाद तीन जणांना आवडतो आणि दहा जणांना घरी पाठवतो.

खाडीकाठ
सतरंजीशी अर्धा सहमत. माणसं जमली म्हणजे मन शांत होतं असं नाही, त्याची वेगळी मेहनत आहे. मिनिटाला सहा श्वास: चार-पाच सेकंद आत, पाच-सहा सेकंद बाहेर, रोज 10 मिनिटं. लोक छाती फुगवून ओढतात, कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि गरगरतं. श्वास सावकाश हवा, मोठा नको. दहा दिवसांच्या मौन शिबिरांत रोज सुमारे 10 तास बसायचं असतं. मनोविकाराची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

दुसरी गोष्ट, विस्मय. 2020 च्या एका अभ्यासात वयस्करांना आठ आठवडे, आठवड्याला 15 मिनिटं, नव्या नजरेने बघत चालायला सांगितलं होतं. साधं चालणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त आनंद वाटला. आपल्याकडे तर खाडीच आहे. नोव्हेंबर ते मे नेरुळच्या पाणथळीत रोहित पक्षी येतात, पण कधीही गेलात तर दिसणार नाहीत. भरतीला खाडीतला चिखल बुडतो, तेव्हा ते उठून इकडे येऊन बसतात आणि ओहोटीला परत चरायला जातात. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. कालची वेळ आज चालत नाही.

हार्बर_लाईन
विधी राहिले, आणि पंचाईत तिथेच होते. सत्यशोधक समाज पुण्यात 24 सप्टेंबर 1873 ला निघाला. ती मंडळी नास्तिक नव्हती, निर्मिक म्हणजे सृष्टीचा कर्ता मानत; पण लग्नातून भटजी काढला आणि लग्न ठेवलं. विधी सोडू नका, मध्यस्थ सोडा.

विशेष विवाह कायदा 1954: नोटीस, 30 दिवस थांबणं, तीन साक्षीदार. दोघांपैकी एक जण नोटिशीआधी किमान 30 दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा. इथे नवी मुंबईकर फसतात: वाशी-नेरुळ ठाणे जिल्ह्यात, खारघर-कामोठे रायगडात. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

मृत्यूचं आधीच लिहून घरच्यांना वाचून दाखवा. नेत्रदानाचा अर्ज भरलेला असला तरी त्या वेळी जवळच्या नातलगाची संमती लागते, आणि एक काका ‘शास्त्रात बसत नाही’ म्हणाले की सगळं अडतं. नेत्रदान सहा तासांच्या आत. तोवर पापण्या मिटवा, वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी, पंखा बंद. पंखा बंद करायचं हमखास विसरतं आणि बुबुळ सुकतं. तेराव्याऐवजी काय? त्याच दिवशी त्याच वेळी जमा, तिघांनी पाच-पाच मिनिटं बोलावं, मग जेवण. जेवण वगळू नका.

घोडबंदर_9
गाणं येत नसेल तर?

सतरंजी
2015 च्या एका ब्रिटिश अभ्यासात गायन, हस्तकला आणि लेखन असे वर्ग ताडून पाहिले. गाणारे आधी जवळ आले, पण महिन्यांनंतर सगळे सारखेच. शिवणकाम ठेवलंत तरी चालेल. पहिले काही आठवडे जड जातील, तेव्हा चहा चांगला ठेवा.