मदत हवी आहे : ‘रेस’ला (शर्यत नव्हे, काळे-गोरे या अर्थी) मराठीत काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी. परवा इथे अमेरिकेत आमच्या विद्यापीठात एका कृष्णवर्णीय कादंबरीकार बाईंचं वाचन झालं. विषय त्यांची खापरपणजी. १८७० च्या जनगणनेत तिचं नाव आहे. १८६० च्या गुलामांच्या यादीत मात्र मालकाच्या नावाखाली नुसतं वय, लिंग, रंग. ‘१२, स्त्री, काळी’ एवढं वाचून बाई थांबल्या, दोन घोट पाणी प्यायल्या. सभागृह चिडीचूप.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी हे लिहितेय आणि ‘रेस’वर अडलेय. ‘वंश’ म्हटलं तर घराण्याचा अर्थ मिसळतो, आणि इथे गोष्टच घराण्याची! ‘वर्ण’ म्हणताच चातुर्वर्ण्य आठवतं. ‘जात’ तर नकोच. अनुवाद करणाऱ्यांनो, तुम्ही काय वापरता? एखाद्या वाक्यासकट सांगा ना. शुक्रवारी मजकूर द्यायचाय.