टेरेसवरचा सागवानी डेक कुजतोय

झाडवेडी_कोथरूड
फ्लॅटच्या टेरेसवर सागवानी फळ्यांचा डेक आहे. दर मे महिन्यात पॉलिश करून घेते. तरी यंदा श्रावणात कुंड्यांच्या रांगेखालच्या फळ्या पायाखाली दबायला लागल्या. टोकं काळी पडलीत, बोटाने चुरा निघतो. वाळवी नाही, पेस्ट कंट्रोलवाला बघून गेला. सुतार म्हणतो लांबी (पुट्टी) भरून पॉलिश मारू. की सगळंच काढून डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिकच्या फळ्या) टाकू?

औंधकर
डब्ल्यूपीसी टाका न् मोकळ्या व्हा. एप्रिलच्या दुपारी अनवाणी पाय ठेवता येत नाही, एवढंच.

लाकूडवाले_काका
भवानी पेठेत टिंबर मार्केटला अर्धं आयुष्य गेलं, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

ताई, लांबी भरू देऊ नका. कुज म्हणजे बुरशी, आणि तिला ओल लागते. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर ती वाढत नाही. लांबीने ओल आत कोंडते. पॉलिशचंही तेच. उन्हाने त्याला बारीक तडे जातात, पाणी आत शिरतं आणि वरचा थर ते वाळू देत नाही. उघड्यावरच्या लाकडाला पॉलिश सुचवणाऱ्या सुताराला चहा पाजा, काम देऊ नका.

स्क्रू ड्रायव्हर घेऊन टोचत चला: फळ्यांची टोकं, स्क्रूच्या भोवती, फळी बत्त्यावर, म्हणजे खालच्या आधाराच्या लाकडी पट्टीवर, टेकते ती जागा. सहज आत गेला तर लाकूड गेलं. फळ्यांपेक्षा बत्त्यांची काळजी करा, बत्ता गेला की वरचं सगळं उचलावं लागतं. कापताना मऊ भागाच्या पुढे फूटभर तरी चांगलं लाकूड कापा, बुरशी दिसते त्याच्या पुढे पोचलेली असते.

नव्या फळीला कडेचा पांढरट भाग नको. सागवानाचा टिकाऊपणा गाभ्यात असतो, पांढरं कुजायला वेळ लागत नाही. हल्ली लागवडीच्या कोवळ्या झाडांचा माल येतो, त्यात पांढरं भरपूर. दुकानदार सागवान म्हणेल आणि ते खोटंही नसेल.

लाकूड सर्वांत जास्त पाणी पितं ते कापलेल्या टोकांतून, आणि तीच नेमकी कोरडी सोडतात, कारण दिसत नाहीत. टोकांना बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्याचे दोन-तीन हात द्या. पावसात ते धुऊन जातं, म्हणून वाळल्यावर वर डेकचं तेल हवंच. फळ्यांमध्ये ५-६ मिलिमीटर फट, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. बत्ते थेट कोब्यावर नकोत, खाली रबराचे तुकडे द्या आणि पाण्याच्या उताराला आडवे टाकू नका.

झाडवेडी_कोथरूड
काका, टोचून पाहिलं. भिंतीकडचा एक बत्ता मऊ लागला, बाकीचे टणक. फळी उचलली तर खाली पाण्याच्या तोंडाची जाळी पानांनी गच्च भरलेली! आता पावसातच काम काढू का?

लाकूडवाले_काका
मग डब्ल्यूपीसी टाकलं असतंत तरी खाली पाणी साचलंच असतं. जाळी आजच साफ करा. तिच्यावरची फळी स्क्रूने पक्की करू नका, उचलता येईल अशी ठेवा. कुजलेल्या फळ्या काढून टाका, खाली वारा खेळू दे. बोरॅक्स ओलसर लाकडात चांगलं मुरतं, ते पावसाने उघडीप दिली की लावा. कापणं, जोडणं, तेल दिवाळीनंतर. ओल्या लाकडात तेल मुरत नाही. कच्चं जवसाचं तेल मात्र नको, त्यावर काळी बुरशी धरते.

औंधकर
आणि कुंड्या?

लाकूडवाले_काका
स्टँडवर. लोखंडी नको, सागवानावर काळे डाग पडतात.