वडिलांचे व्यसन सुटेपर्यंत मुलांनी वाट पाहायची का?

प्रश्न : एक आत्या, शहापूर, बेळगाव

नमस्कार. माझे माहेर खानापूर तालुक्यातील एका लहान गावात आहे. तेथे आई, थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुले राहतात. दादा गवंडी आहे आणि त्याच्या कामाला आजही मागणी आहे. पण गेल्या सहा-सात वर्षांत त्याचे पिणे इतके वाढले आहे की सकाळी हात थरथरतात आणि घोटभर घेतल्याशिवाय त्याला थापी धरता येत नाही. भाची सहावीत आणि भाचा दुसरीत आहे. दोघेही गावातल्या मराठी शाळेत जातात.

यंदा गणपतीला गेले तेव्हा भाचीने पलंगाखाली भरून ठेवलेली एक पिशवी माझ्या नजरेस पडली. तिच्यात धाकट्याचे कपडे, दोघांची पुस्तके आणि चिवड्याचा पुडा होता. आठवड्याचा पगार होतो त्या रात्री शेजारच्या काकूंकडे झोपायला जावे लागते, म्हणून आधीच तयारी करून ठेवते, असे तिने अगदी शांतपणे सांगितले. पुढे म्हणाली, "आम्ही दंगा करतो म्हणून बाबा पितात, असं आजी म्हणते. मी छोट्याला गप्प बसवते, तरी पितात." ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही. दारूचे पाकीट आणायलाही अनेकदा तिलाच धाडतात.

वहिनीने बाजारातून कोणाकडून तरी चहात घालायची पूड आणली आहे. आई म्हणते की घरातले घरात राहावे, मुलांसमोर हा विषय काढू नये, दादाची दारू सुटली की सगळे आपोआप सुरळीत होईल. ती पूड द्यावी का? मुलांशी काय बोलावे? आणि बाहेर कोणाला कळवले तर मुलांना घरातून नेतील का?

उत्तर १ : परिचारिका, बेळगाव (व्यसनमुक्ती विभागात काम केले आहे)

ताई, आधी ती पूड थांबवा. तिच्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही खात्रीने सांगता येत नाही. डायसल्फिराम नावाचे एक खरे औषध आहे आणि काही घरांत तेही गुपचूप चहात घातले जाते. ते पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब एकदम उतरतो आणि जिवावरही बेतू शकते. म्हणूनच डॉक्टर ते रुग्णाला सर्व समजावून, तपासण्या करून आणि त्याची संमती घेऊनच देतात. शिवाय, आपल्याला फसवून औषध दिले हे कळल्यावर तो माणूस घरच्या चहावरही विश्वास ठेवत नाही, मग उपचारांवर कोठून ठेवणार?

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. सकाळी हात थरथरणे म्हणजे शरीराला दारूची सवय जडली आहे. अशा माणसाची दारू एका दिवसात तोडली तर फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. ही अवस्था प्राणघातक ठरू शकते. गळ्यात माळ घालून दारू सोडलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्या श्रद्धेचा मला मनापासून आदर आहे, पण दादांनी माळ घालण्याआधी डॉक्टरांना भेटले पाहिजे. खोलीत कोंडून ठेवण्याचा विचारही करू नका.

बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे आणि धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून साध्या सरकारी बसमध्ये स्त्रियांना प्रवास मोफत असल्याने वहिनींना स्वतः जाऊन आधी चौकशी करणे खर्चाचे नाही. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते आणि तेथे वहिनी स्वतःच्या मनःस्थितीबद्दलही बोलू शकतात. खासगी केंद्रात नेणार असाल तर त्याची नोंदणी आधी पाहा. साखळीने बांधून ठेवणे हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने निषिद्ध आहे.

दादांशी बोलायचे ते नशेत असताना नको. सकाळी, त्यातल्या त्यात शुद्धीवर असताना, एकच घडलेली गोष्ट सांगून बोला: "काल पोरं शेजारी झोपली." दारूची उधारी फेडणे आणि ठेकेदाराला "ताप आलाय" असे खोटे सांगणे वहिनींनी बंद करावे. मात्र तसे केल्याने मार पडण्याचा धोका असेल, तर आधी सुरक्षिततेची व्यवस्था करावी. उपचारानंतरही पुन्हा पिणे घडते. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दारूचे अवलंबित्व असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला काही उपचार मिळाल्याचे दिसले. म्हणून मुलांचे जगणे त्या एका निकालावर टांगून ठेवू नका.

उत्तर २ : निवृत्त मुख्याध्यापक, निपाणी

भाचीला बोलण्यात गुंतवून विषय टाळू नका. तिला सगळे ठाऊक आहे, केवळ त्याचा अर्थ तिने चुकीचा लावला आहे आणि तोही मोठ्यांनी लावून दिला म्हणून. तिला स्पष्ट सांगावे की बाबांना आजार आहे, तो तुमच्या दंग्याने झालेला नाही, तू गप्प बसून किंवा अभ्यास करून तो बरा होणार नाही आणि त्यावर लक्ष ठेवणे हे तुझे काम नाही. व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांसाठी १९५१ मध्ये सुरू झालेल्या अल-अ‍ॅनॉन या संघटनेतही साधारण हेच सांगितले जाते. बाबांवर माया वाटते आणि त्यांचा रागही येतो, हे दोन्ही एकाच वेळी चालते, हेही सांगा; कारण दहा-अकरा वर्षांच्या मुलाला आपण पापी आहोत असे याच ठिकाणी वाटू लागते. धाकट्याला दोनच वाक्ये पुरतील, पण ती पुन्हा पुन्हा सांगावी लागतील.

ती पिशवी हिसकावून घेऊ नका आणि "किती शहाणी गं" असे कौतुकही करू नका. कौतुकाच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे. माझ्या वर्गात अशीच एक मुलगी होती. वही स्वच्छ, हजेरी पूर्ण, फक्त आठवड्याच्या बाजारानंतरच्या दिवशी ती डोळे मिटू लागायची. मी तिच्या शहाणपणावर खूश होऊन तिला वर्गप्रमुख केले. घरात आधीच धाकट्या भावंडांची आई झालेल्या त्या लेकराच्या डोक्यावर मी पस्तीस मुलांचे ओझे आणखी ठेवले. आज तिला विचारावेसे वाटते की तुला तेव्हा काय हवे होते. बहुधा बाकावर डोके ठेवून अर्धा तास झोप हवी असेल.

म्हणून पिशवीची जबाबदारी मोठ्यांकडे घ्या. कोणत्या रात्री शेजारी जायचे हे वहिनी आणि काकूंनी ठरवावे, मुलीने नव्हे. वर्गशिक्षकांना वहिनींच्या संमतीने एवढेच सांगा की घरात अडचण आहे, गृहपाठ राहिला तर चारचौघांत विचारू नये.

अमेरिकेत स्टीव्हन वॉलिन आणि लिंडा बेनेट यांनी अशा कुटुंबांचा अभ्यास केला. ज्या घरांनी रात्रीचे जेवण, सणवार यांना दारूचा धक्का लागू दिला नाही, त्या घरांतील मुले पुढे व्यसनाकडे कमी वळलेली त्यांना आढळली. आपल्या भाषेत सांगायचे तर दादा आले नाहीत म्हणून आरती थांबवू नका आणि आठ वाजता मुलांचे ताट वाढा.

उत्तर ३ : बाल संरक्षणाच्या क्षेत्रात काम करणारी, चिक्कोडी

मुलांना नेतील ही भीती बहुतेक घरांना गप्प ठेवते. २०१५ च्या बालन्याय कायद्याचे तत्त्वच असे आहे की मुलाचा पहिला हक्क कुटुंबावर असून संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय आहे. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवल्यास मुलांची परिस्थिती पाहिली जाते. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालकल्याण योजनेखाली पात्र मुलांना घरीच राहून दरमहा ४,००० रुपयांचे साहाय्य मिळू शकते. त्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज करावा. कागद कन्नडमध्ये आला तर न समजता सही करू नका. वाचून, समजावून घेण्याचा आग्रह धरा.

पाकीट आणायला मुलीला पाठवणे मात्र आजच थांबले पाहिजे. त्याच कायद्याच्या ७७ व्या कलमानुसार मुलाला दारू देणे आणि ७८ व्या कलमानुसार मुलाकडून दारूची ने-आण करून घेणे हा गुन्हा असून सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे. हे दुकानदाराला सांगितले तरी पुष्कळदा पुरते. मारहाण होत असेल तर त्या रात्री ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा, आणि पुढे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली वहिनींना त्याच घरात राहण्याचा हक्क मागता येतो.

उत्तर ४ : येळ्ळूर

मी अशाच घरात वाढलो. ताई, "बाबांची दारू सुटेल" असे वचन भाचीला देऊ नका. मला ते दर पाडव्याला मिळायचे. माझ्या उपयोगी पडली ती मावशी. ती दर रविवारी यायची, कधी चुकली तर आधी निरोप धाडायची. तिने वडिलांना एका शब्दाने सुधारले नाही, पण तिच्या कपाटात माझ्या पुस्तकांसाठी एक कप्पा होता आणि तेथे ठेवलेली वस्तू फाटत नाही, विकली जात नाही, याची मला खात्री होती. वडिलांची दारू मी नोकरीला लागल्यावर सुटली.

आत्या, शहापूर

सर्वांचे मनापासून आभार. पूड वहिनीने काल माझ्यासमोर गटारात ओतली. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी धारवाडला जाऊन येणार आहोत; दादाला अजून विचारलेले नाही, ते सकाळच्या वेळी वहिनीच विचारणार आहे. शनिवारची रात्र मुले माझ्याकडे राहतील असे ठरले आणि माझ्या कपाटातला खालचा कप्पा मी रिकामा केला आहे.

भाचीला सरांनी सांगितले तसे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने एवढेच विचारले, "हे आजीला पण सांगशील?" आज संध्याकाळी आईशी बोलायला गावी निघाले आहे.