वेचणीच्या बायांपर्यंत चहा गरम न्यायचा आहे, किटली कशाची घ्यावी?

आमचं शेत यवतमाळ जिल्ह्यात, गावापासून बरंच आत. सध्या कापसाची वेचणी चालू आहे, वीसेक बाया असतात. घरी दुधाचा, अद्रक घातलेला चहा गंजात उकळते, जर्मनच्या किटलीत भरते आणि मुलगा गाडीवर घेऊन जातो. बाया हातातली ओळ संपल्याशिवाय बांधावर येत नाहीत. तोवर चहा कोमट.

सासूबाई म्हणतात चिनी मातीची घे, दुकानदार म्हणतो जाड स्टीलची. जर्मन लवकर तापतं म्हणून लवकर निवतं, हे खरं का? शेतातच चूल मांडा असं कृपया सांगू नका, कापसाच्या गाठोड्यांजवळ मला विस्तव नको.

प्रतिसाद

ताई, जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, ते स्टीलच्या दहा पटींहून जास्त उष्णता वाहून नेतं, हे खरं. पण किटलीची भिंत पातळ. उष्णता अडते ती भिंतीत नाही, बाहेरच्या हवेत शिरताना. म्हणून साध्या स्टीलच्या किटलीतही चहा जवळपास तसाच निवेल. पैसे घालवू नका.

चिनी मातीचं तर उलटंच. किलोभर वजनाच्या थंड किटलीत लिटरभर चहा ९५ अंशांवर ओतला, तर हिशेबाने तो तिथंच ८३ च्या आसपास येतो, कारण आधी किटली तापते. आधी उकळतं पाणी फिरवून घेतलं तर हा तोटा टळतो. पण गाडीवर, त्या रस्त्यानं, चिनी माती? राहू द्या.

चहा खरा निवतो तो वाफेनं आणि वाऱ्यानं. झाकण घट्ट हवं, तोटीत कापडाचा बोळा हवा, भोवती जुनी गोधडी. चुलीनं काळी झालेली किटली चकचकीत किटलीपेक्षा जास्त उष्णता बाहेर टाकते, तेव्हा घासूनही घ्या.

घ्यायचाच असेल तर दुहेरी भिंतीचा, मध्ये निर्वात असलेला स्टीलचा थर्मास घ्या. जेम्स ड्यूअरनं १८९२ मध्ये ही युक्ती द्रवरूप वायू थंड ठेवायला काढली होती, चहाला ती नंतर लागली. वीस छोटे कप म्हणजे दोन लिटर. मी लिटर-लिटरचे दोन घेईन; पहिला संपेपर्यंत दुसरा उघडायचाच नाही.

ताई

गोधडी आणि बोळा उद्याच करते. थर्मासात दुधाचा वास बसतो म्हणतात, त्याचं काय?

प्रतिसाद

झाकणातलं रबरी कडं रोज काढून धुवा, वास तिथंच बसतो. आणि उरलेला चहा संध्याकाळपर्यंत आत ठेवू नका.