बँकेच्या दारातली बंदूक कुणाच्या नावावर हवी? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

नवीपेठकर: सोलापुरात बँका, पतसंस्था, सराफी दुकानांच्या दारात जी बारा बोअरची दुनळी (दोन नळ्यांची, छर्र्यांची बंदूक) दिसते, ती अनेकदा गार्डच्या स्वतःच्या परवान्यावरची असते. परवाना स्वसंरक्षणासाठी, बंदूक नोकरीवर. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाला ती खुर्चीला टेकवून घरी जातो. त्या घटकेपासून रात्रपाळीवाल्याच्या हातात विनापरवाना शस्त्र, शस्त्र अधिनियम १९५९, कलम ३. गुन्हा दाखल झाला तर अडकतात गार्डच. परवाना संस्थेच्या नावावर हवा आणि बंदूक धरणारा प्रत्येक जण त्यावर रिटेनर (परवानाधारकाच्या वतीने बंदूक बाळगणारा) म्हणून नोंदलेला हवा. वैयक्तिक परवान्यावरची नोकरी बंद करा.

बार्शीवाला: बंद केली तर गावाकडचा माजी सैनिक घरी बसेल, त्याला काम मिळतं ते बंदुकीमुळेच. शिवाय रिटेनरचं नाव चढवायला अर्ज, पोलीस पडताळणी आलीच. अर्ज शहरात पोलीस आयुक्तालयात, बार्शी-मोहोळला जिल्हाधिकारी कार्यालयात. नाव चढेपर्यंत गार्ड दुसरीकडे लागलेला असतो. पाळी संपली की बंदूक मालकाबरोबरच जाईल, एवढी अट कडक पाळा.

काडतूस: नाव कुणाचंही असो, धोका हाताळणीत आहे. आत हॅमर (बार उडवणारा हातोडा) असलेली दुनळी बंद केली की तो हॅमर ताणलेलाच असतो, आणि बहुतेक दुनळींचा सेफ्टी खटका फक्त चाप (ट्रिगर) अडवतो, हॅमर नाही. फरशीवर आपटली तर बार उडू शकतो. तरी बुटाच्या टोकावर नळी टेकवून बसलेले गार्ड दिसतात! बंदूक देताना ती मधून उघडायची, दोन्ही नळ्यांत बोट घालून बघायचं, काडतुसं मोजून रजिस्टरला लिहायची. एवढंही शिकवलं जात नाही. २००६ च्या केंद्रीय आदर्श नियमांत (२०२० मध्ये त्यांच्या जागी नवे आले) गार्डला १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानी प्रशिक्षण होतं, पण त्यात बंदूक हाताळणी ऐच्छिक! हाताळणी आधी सक्तीची करा, ‘ऐच्छिक’ नको.

सातरस्ता: मला तर दारात बंदूकच नको. बिनचोकच्या (तोंडाशी अरुंद न केलेल्या) नळीतून छर्रे दर यार्डाला साधारण इंचभर फाकतात, म्हणजे २० यार्डांवर २० इंच रुंदीचा घेर. बाजाराच्या दिवशी नवी पेठेत त्या घेरात कोण कोण असेल? आणि चोर पळत सुटला, कुणाच्या जिवाला धोका उरला नाही, तर पाठीत घातलेल्या गोळीला भारतीय न्याय संहितेचं संरक्षण नाही. कॅश व्हॅनचं वेगळं. तिथे २०१८ च्या नियमांनी दोन सशस्त्र गार्ड सक्तीचे आहेत. दाराला सायरन, शटर आणि दुसरा माणूस द्या.

नवीपेठकर: काडतूस, हाताळणी सक्तीची करा हे मान्य. पण ते रजिस्टर ठेवणार कोण? बंदूक गार्डची असली की संस्था हात झटकते. म्हणूनच परवाना तिच्या नावावर.

बार्शीवाला: मग सरावाच्या काडतुसांचे पैसेही तिनेच द्यावेत. आज ते गार्डच्या पगारातून जातात, म्हणून वर्षानुवर्षं एक बार निघत नाही आणि पट्ट्यात जुनीच काडतुसं राहतात.