मदत हवी आहे: एक्झोरा पिवळा, गुलाबाची पानगळ. रोग एकच की दोन?

पुण्यातल्या सोसायटीची बाग. कुंपणभिंतीलगत एक्झोराची रांग, समोर गुलाबाचा वाफा. एक्झोराची शेंड्याकडची पानं पिवळी पडलीत, शिरा मात्र हिरव्या. भिंतीपासून लांबच्या झाडांना त्रास कमी. गुलाबावर काळे डाग, मग पान पिवळं होऊन गळतं. सुरुवात खालच्या पानांपासून. पाणी बोअरचं. एक्झोराला ठिबक, गुलाबावर संध्याकाळी पाइपने वरून. माळीकाकांच्या मते दोन्हीकडे बुरशी, म्हणून सगळीकडे कार्बेन्डाझिम मारलं. १९:१९:१९ खत पण दिलं. फरक शून्य. काय तपासू?

मोरचूद:
दोन वेगळ्या भानगडी आहेत. एक्झोराला बुरशी नाही, लोहाची कमतरता आहे. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह. जुनी पानं शिरांमध्ये पिवळी पडली असती तर मॅग्नेशियम, जुनं पान सरसकट फिकट असतं तर नत्र. १९:१९:१९ मध्ये लोह नसतंच, त्यामुळे फरक पडायचं कारण नाही.

भिंतीजवळच जास्त, हा मुद्दा महत्त्वाचा. बांधकामाचा राडारोडा, प्लास्टरचा चुना तिथेच गाडलेला असतो. वीतभर खोल खणून चमचाभर माती घ्या, वाळवा, वर व्हिनेगर ओता. फसफसली तर चुना आहे. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, आणि बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं.

पानवेल:
सहमत, फक्त एक भर. ठिबक किती वेळ चालतं? मुळांशी सतत चिखल असेल तरी हीच लक्षणं दिसतात. आधी बोट खुपसून ओल बघा.

धागाकर्ता:
माती चांगलीच फसफसली. चिखल नाही. हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) मातीत टाकू का?

मोरचूद:
मातीत नको, चुन्यात लगेच अडकून बसेल. फवारा: १ लिटर आरओच्या पाण्यात आधी १ ग्रॅम सायट्रिक अॅसिड, मग ५ ग्रॅम हिराकस. द्रावण गंजासारखं तांबूस झालं तर ते वाया गेलं, ओतून द्या. उन्हं उतरल्यावर मारा, १० दिवसांनी पुन्हा. फरशीवर उडू देऊ नका, डाग जात नाहीत.

मातीतून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेलं) घ्या, पाकिटावर साधारण ६ टक्के लिहिलेलं असतं. १२ टक्केवालं बहुतेक ईडीटीए. फवारायला ठीक, चुनखडीच्या मातीत टिकत नाही. फरक नव्या पालवीत बघा, जुनी पिवळी पानं सुधारतीलच असं नाही.

काटेरी:
गुलाबाचं मी सांगतो. डागाची कड भिंगातून बघा. झालरीसारखी फाटकी असेल तर काळा ठिपका, म्हणजे ब्लॅक स्पॉट. मधे राखाडी आणि भोवती जांभळट गोल कड असेल तर तो दुसरा पानठिपका. पांढरी पावडर असेल तर भुरी. त्याला गंधक लागतं, तेही कडक उन्हात नाही, पानं करपतात.

काळ्या ठिपक्याच्या बुरशीला रुजायला पान सुमारे ७ तास ओलं लागतं. संध्याकाळी वरून पाणी म्हणजे तिची रात्रभराची सोय! पाणी सकाळी, बुंध्याशीच द्या. गळलेली पानं रोज वेचा आणि कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. मॅन्कोझेब ७५ टक्के (बुरशीनाशक), लिटरला २ ग्रॅम, १० दिवसांच्या अंतराने, पानाच्या खालूनही. आहेत ते डाग जाणार नाहीत, नवी पानं वाचतील. एकटं कार्बेन्डाझिम पुन्हापुन्हा मारलं की बुरशी त्याला दाद देईनाशी होते.

धागाकर्ता:
कड फाटकीच आहे. काही फांद्या छाटलेल्या टोकापासून काळ्या पडत खाली येताहेत, ते यातलंच का?

काटेरी:
नाही, ती शेंडेमर. काळ्या भागाच्या खाली दोन-तीन बोटं, हिरव्या लाकडात, बाहेरच्या डोळ्याच्या (कोंब फुटायच्या जागेच्या) जरा वर तिरका काप घ्या. आतला गाभा तपकिरी दिसला तर आणखी खाली जा. कापावर कॉपर ऑक्सिक्लोराईडची पेस्ट लावा. दर झाडानंतर सिकेटर (छाटणीची कात्री) स्पिरिटने पुसा.

पानवेल:
हिराकस आणि मॅन्कोझेब एका पंपात मिसळू नका. हातमोजे-मास्क घाला, आणि मुलं खेळायला येण्याच्या वेळी फवारणी नको.